लंगोटांची दोरी : गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या स्तनपान-व्हिडिओंच्या कामाच्या नोंदी, २०२४

२४ जून, वाळपई

कागदावर आज एवढंच पक्कं झालं: पाच छोटे व्हिडिओ, एकेक सहा मिनिटांच्या आतला, आणि ते आईसाठी नाहीत, आईभोवतीच्या माणसांसाठी आहेत. हा शेवटचा मुद्दा आमच्यापैकी कुणालाच सुचलेला नाही. गेल्या आठवड्यात अंगणवाडीच्या बाईंनी एका बाळंतिणीला विचारलं, कसले व्हिडिओ हवेत गं? ती म्हणाली, "बाळाला कसं धरायचं ते मी मोबाइलवर दहादा बघितलंय. माझ्या आईला दाखवा काहीतरी."

खरंच आहे. तंत्र शिकवणारे व्हिडिओ आहेत. आयआयटी मुंबईच्या हेल्थ स्पोकन ट्युटोरियलचे तर मराठीतही आहेत. हात कुठे, मान कुठे, बोटं कशी, सगळं बारकाईने दाखवलंय. तेच परत करायला आमच्याकडे ना डॉक्टर आहे ना पैसा.

दुसरं म्हणजे गोव्यात आशा सेविका नाहीत. घरोघरी जायचं ते अंगणवाडीच्या बाईंनी आणि एएनएम, म्हणजे सरकारी आरोग्यसेविका असलेल्या सिस्टरनी. एका भेटीला वीस मिनिटं मिळतात, त्यातली सात-आठ चहा नको म्हणण्यात जातात. उरलेल्या वेळात बाई आईशी बोलतात, आजी स्वयंपाकघरातून ऐकते, आणि बाई फाटकाबाहेर पडल्या की आपलं ठरलेलंच करते.

२ जुलै, वाळपई

निवेदन मराठीत की कोंकणीत? गोव्यात हा प्रश्न टाकला की दोन तास आणि तीन चहा जातात. तसेच गेले. सत्तरीत घरातलं बोलणं कोंकणी, पेपर मराठी, भजन मराठी, जत्रेतलं नाटक मराठी. शेवटी ठरलं की निवेदन मराठीत आणि पडद्यावरची माणसं जशी बोलतात तशी बोलतील. खाली ओळी द्यायच्या नाहीत, इथे कुणाला लागत नाहीत.

खरी अडचण शब्दांची निघाली. 'स्तनपान' हा शब्द भिंतीवरच्या पोस्टरचा. घरात 'अंगावर पाजणं' म्हणतात. 'निव्वळ स्तनपान'चा अर्थ तर एका आजीने असा लावला: दूध फक्त आईचं, गाईचं नाही. मग पाणी? "पाणी म्हणजे काय खाणं आहे?" मध? "तो चाटवतात, पाजत नाहीत." म्हणजे आजीने पोस्टर वाचलं होतं, पाळतही होती, आणि बाळाच्या पोटात पाणी, मध, गुटी तिन्ही जात होतं.

संहितेत आता सरळ यादी आहे. सहा महिने पाणी नाही, मध नाही, गुटी नाही, साखरपाणी नाही. डॉक्टरने लिहून दिलेलं औषध चालेल. वैशाखातल्या उकाड्याचा प्रश्न येणारच, म्हणून हेही घातलं की आईच्या दुधात शंभरातले ८७-८८ भाग पाणीच असतं. मधाचं वेगळं सांगायचं. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातल्या जंतूंमुळे बॉट्युलिझम होऊ शकतो, तो क्वचित होतो पण जिवावरचा असतो. तिथे गोड बोलून चालणार नाही.

९ जुलै, केरी

पाऊस असा की अंजुण्याच्या धरणाकडचा रस्ता दिसत नव्हता. घरात सहा बायका, एक दहा दिवसांचं बाळ, एक सहाण.

सहाणेवर आजी गुटी उगाळत होती. वेखंड, हळकुंड, जायफळ, मुरडशेंग, एकेकाचे मोजून वळसे. तिच्या सासूने तिला शिकवलेले. बाई म्हणाल्या, आता सहा महिने हे नको. आजीने हात थांबवला, सहाण पालथी घातली आणि विचारलं, "मागीर हांवें कितें करचें?"

मग मी करू काय? या प्रश्नाला आमच्या संहितेत उत्तर नव्हतं. अख्ख्या संहितेत आजीसाठी फक्त 'नको'च होते. चाळीस वर्षांचा अनुभव असलेल्या बाईला आम्ही येऊन सांगणार की तुम्ही हे करू नका, तेही करू नका, बाजूला बसा. कशी ऐकेल ती?

पहिल्या दुधाचा विषय मात्र आमच्याविनाच मिटला. एक म्हणाली, पहिलं दूध पिवळं, चिकट, बाळाला बाधतं, पिळून टाकायचं. सिस्टर उत्तर द्यायला पुढे सरसावल्या, तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या, घरात दोन गाई असलेल्या म्हातारीने तोंड उघडलं: "वासराक पयलो चीक दिलो ना जाल्यार तें उबें रावना." म्हणजे पहिला चीक दिला नाही तर वासरू उभं राहत नाही. उरलेल्या चिकाचा आपण खरवस करून खातो, आणि नातवाच्या वाट्याचा फेकून देतो, असं ती पुढे म्हणाली. सगळ्या हसल्या. रोगप्रतिकारक द्रव्यांवरचा दीड मिनिटाचा भाग मी गाडीत बसल्याबसल्या काढून टाकला. तिथे ही म्हातारी येईल.

११ जुलै

संहिता फाडून नवी. आता प्रत्येक व्हिडिओत आजीला एक काम.

१६ जुलै, पर्ये

बाळाने स्तन तोंडात कसा धरायचा, तो शॉट. बाळंतिणीच्या खोलीत कॅमेरा घेऊन आमच्या चमूतली पोरगी आणि सिस्टर. मी बाहेर सोप्यावर, हेडफोनमध्ये फक्त आवाज. पत्र्यावर पाऊस वाजत होता, त्यामुळे तोही धड नाही.

संमतीपत्र वाचून दाखवल्यावर आईने एकच विचारलं: "कापाकापी कोण करणार?" म्हणजे एडिटिंग. मी करतो. ती गप्प राहिली. चेहरा दिसणार नाही, गावाचं नाव येणार नाही, हे सगळं आम्ही लिहिलं होतं. पण ते चित्र आधी लॅपटॉपवर तासन्‌तास एक पुरुष बघणार, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिथल्या तिथे ठरवलं की जवळचे शॉट पोरगीच कापेल. तिला एडिटिंग येत नाही. शिकेल.

आतून सिस्टरचा आवाज येत होता. "थांब, घाई नको. बोंड त्याच्या वरच्या ओठाला लाव. बघ, तोंड उघडतोय. अजून मोठं होऊ दे. हां, आता बाळाला आण स्तनाकडे, स्तन बाळाकडे नको नेऊस." मग शांतता. मग आई म्हणाली, "आता दुखत नाही."

पोरगीने नंतर सांगितलं ते असं: हनुवटी स्तनात रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, काळा भाग वरच्या बाजूला जास्त दिसतो आणि खाली जवळजवळ नाहीच. आधी बाळ नुसतं बोंड चोखत होतं, म्हणून चिरा पडल्या होत्या.

आजीला हे कसं समजवायचं? सिस्टरने कटलेट-पाव काढला. फुगलेला कटलेट-पाव खाताना आपण तोंड कसं उघडतो, ओठ चंबू करून चावतो का? आणि मान एका बाजूला वळवून घोटभर पाणी गिळून बघा. आजीने गिळून बघितलं, ठसका लागला. म्हणून बाळाचं कान, खांदा, कंबर एका रेषेत. पुढच्या वेळेपासून आजी लांबून बघूनच सांगायला लागली, "मान वळलीय गो त्याची." हे तिचं पहिलं काम.

१८ जुलै

प्लास्टिकची बाहुली निकालात. तिचं तोंड उघडतच नाही. मोज्यात कापूस भरून केलेला स्तन मात्र ठीक चालतो.

२५ जुलै, वाळपई

तिसऱ्या व्हिडिओचं अर्धं चित्रीकरण वाया. आजी पाठ चोळून देतेय, शॉट सुरेख आणि मागच्या फळीवर दुधाची बाटली, बूच लावून उभी. घरातल्या थोरल्या नातवाची, आता तिच्यात खोबरेल ठेवतात. बघणाऱ्याला ते काय कळणार? पुन्हा शूट.

पाठ चोळण्याचं कारण व्हिडिओत सांगितलंय. बाळ ओढायला लागलं की ऑक्सिटोसिन दूध खाली सोडतं, आणि वेदना, काळजी, रागराग त्याला अडवतात. मणक्याच्या दोन्ही बाजूंनी मानेपासून खाली, अंगठ्याने गोल गोल. आजीच्या हाताला हे आधीच ठाऊक होतं. रात्रीचं पाजणं का टाळू नये तेही त्यातच आहे, दूध तयार करायला सांगणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं.

दुपारी एका कंपनीच्या माणसाचा फोन आला. व्हिडिओंचा खर्च उचलू, शेवटी फक्त आमचं चिन्ह. कंपनी बाळखाद्याची. १९९२ चा कायदा आहे, २००३ मध्ये आणखी कडक झालेला. पावडरचं दूध, बाटली, दोन वर्षांपर्यंतचं बाळखाद्य, कशाचीच जाहिरात चालत नाही. त्याला हे माझ्याहून जास्त माहीत असणार. आमच्याकडे प्रोजेक्टरचं भाडं द्यायला पैसे नाहीत, हेही त्याला कुठून तरी माहीत होतं.

३ ऑगस्ट, अंगणवाडी

स्तनपान सप्ताह. १ ऑगस्ट १९९० च्या इनोसेंटी जाहीरनाम्याची आठवण म्हणून तो १ ते ७ ऑगस्टला पाळतात. इथे रांगोळी आणि बॅनर म्हणून पाळतात. आम्ही त्यात आमचा पहिला खेळ घुसवला.

प्रोजेक्टर नाही, टॅब्लेट आणि एक स्पीकर. चौदा बायका, त्यात सात आज्या. दुसरा व्हिडिओ चालू असताना मुलांची उसळ आली, बाईंनी टॅब्लेट थांबवला आणि वाढायला उठल्या. पडद्यावर लंगोटांची दोरी तशीच थांबलेली. सोप्यावर आडवी बांधलेली, दहा-बारा लंगोट, खाली निखाऱ्यांचं घमेलं. आणि बायका त्या चित्रावर बोलायला लागल्या. आमच्याकडे तर इतके नसतात. अगो, तू डायपर घालतेस. किती मोजायचे? कधीपासून? बाई वाढून परतेपर्यंत निम्मं शिकवून झालं होतं, आणि ते एकमेकींनीच.

नाटकात पंधरा वर्षं आवाजाचं काम केलं, तिथे खेळ मध्ये थांबला की माझ्या पोटात गोळा येतो. इथे थांबवणं हाच खेळ दिसतोय. थांबायच्या जागा ठरवून टाकतो, तिथे चित्र आपोआप काळं होईल आणि बाई बोलतील.

११ ऑगस्ट, होंडा

लंगोटांचं गणित असं. पाचव्या दिवसानंतर बाळ चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट ओले करत असेल तर दूध पोटात जातंय. रडतं म्हणून दूध पुरत नाही, असं नाही. बाळ गरम होतं म्हणून रडतं, कुशीत हवं म्हणून रडतं, संध्याकाळी तर उगाचच रडतं. पण ओला लंगोट खोटं बोलत नाही. अट एकच, वरून पाणी किंवा गुटी पाजलेली नको, नाहीतर मोजणी फुकट.

आजीचं दुसरं काम म्हणजे मोजणं. एका आजीने दाराच्या चौकटीवर खडूने रेघा ओढायला सुरुवात केली. "दूद पुरो जायना" हे वाक्य त्या घरात तीन दिवस आलं नाही, असं बाई सांगतात.

पण ऑगस्टात कपडे वाळतात कुठे? म्हणून डायपर. आणि डायपरमध्ये दोनदा झालं की चारदा, कळत नाही. आमचा सगळ्यात चांगला शॉट निम्म्या घरांना लागूच नाही. सध्या तोडगा: पहिले पंधरा दिवस दिवसा लंगोट, डायपर फक्त रात्री.

२० ऑगस्ट

आमची चूक, स्वच्छ लिहून ठेवतो.

पहिल्या व्हिडिओत निवेदन आहे, 'दर दोन तासांनी पाजा'. एका घरात बाबांनी फोनवर दोन-दोन तासांचे गजर लावले. बाळ मुठी चोखतंय, मान वळवून शोधतंय, शेवटी किंचाळतंय, आणि घरातले त्याला खांद्यावर घेऊन घड्याळाकडे बघतायत: अजून पंचवीस मिनिटं आहेत. बाई योगायोगाने तिथे पोचल्या. बाबांची काही चूक नाही, आम्ही सांगितलं ते त्यांनी अक्षरशः केलं.

नवं वाक्य: 'बाळ मागेल तेव्हा, दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा. सुरुवातीला झोपाळू बाळ असेल तर उठवूनसुद्धा.' मागणं म्हणजे काय, ते दाखवायला वीस सेकंद वाढवली. जीभ बाहेर, मूठ तोंडाशी, मान वळते. रडणं सगळ्यात शेवटी येतं. जुनी फाइल पाच गटांत गेलीय, ती परत कशी घेणार?

४ सप्टेंबर

तीन दिवसांवर चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. घरोघर माटोळीची, गणपतीवर टांगायच्या फळापानांची धावपळ, मुंबई-पुण्याहून माणसं. बाळंतिणीला पाजायला कोपरा नाही, आणि येणारा प्रत्येक जण विचारतो, दूध पुरतं ना गं? दहा जणांनी विचारलं की अकराव्याला तिला स्वतःलाच शंका येते. खास पाहुण्यांसाठी चाळीस सेकंदांची फीत केली: बाळ बघा, आईला विचारा 'तू जेवलीस का?', आणि खोलीतून बाहेर या. पाचांमध्ये नसलेली ही सहावी फीत सगळ्यात जास्त फिरतेय. बाबा लोक ती पुढे पाठवतायत.

१८ सप्टेंबर

हिशेब बसत नव्हता तो आज बसला. केरीत आम्ही ज्या सासवांना व्हिडिओ दाखवले, त्यांच्या सुना बाळंतपणाला माहेरी गेल्या आहेत, कुणी डिचोलीला, कुणी दोडामार्गला. पहिला दीड महिना तिथे आईची आई. मग बाळ सासरी येतं, तेव्हा सासूला आमचे लंगोट आठवतात, पण पहिल्या पंधरा दिवसांत चिरा पडून वरचं दूध सुरू झालेलं असतं. म्हणजे आम्ही योग्य व्हिडिओ चुकीच्या घरात दाखवत होतो.

आता सातव्या महिन्यात बाई विचारणार: बाळंतपण कुठे? त्या घरच्या आजीचा नंबर घेणार. डिचोलीच्या आणि दोडामार्गच्या आज्यांना फोनवर व्हिडिओ जातील. तिथे चित्र काळं झाल्यावर बोलायला बाई नसतील, तिथे आईनेच बोलायचं.

१ ऑक्टोबर

गावाचं नाव लिहीत नाही. तीन आठवड्यांचं बाळ, वजन जन्मापेक्षा कमी. पहिल्या आठवड्यात थोडं उतरतं, ते दोन आठवड्यांत भरून यायला हवं. इथे आलं नव्हतं. आजीच्या चौकटीवर रोज तीनच रेघा. तिने मोजलं, बरोबर मोजलं, आणि तरी थांबली. का? आमच्या चौथ्या व्हिडिओतलं वाक्य: 'प्रत्येक आईला पुरेसं दूध येतंच, शंका घेऊ नका.'

सिस्टरने त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवलं. पकड वरवरची होती. ती सुधारली, दूध पिळून वाटी-चमच्याने दिलं, आणि डॉक्टरच्या सल्ल्याने काही दिवस वरचं दूधही. आई रडत होती, मी हरले म्हणून. सिझेरियननंतर तिला बाळ उशिरा मिळालं, आणि त्या दवाखान्यात कुणी न विचारता वरचं दूध दिलं होतं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार गोव्यात शंभरातली जवळपास चाळीस बाळंतपणं सिझेरियनची. म्हणजे ही एकटी नाही, आणि आमच्या एकाही व्हिडिओत टाके असलेली आई नाही.

ते वाक्य काढलं. जागी हे आलं: सहापेक्षा कमी लंगोट, बाळ सुस्त, ओढत नाही, ताप, तळहात-तळपाय पिवळे, तर थांबायचं नाही, लगेच दवाखाना. हे म्हणायला वासराची गोष्ट सांगणारी म्हातारीच घेतली. टाक्यांवर उशी ठेवून बाळाला काखेत घेऊन पाजण्याचा शॉट पुढच्या आठवड्यात.

ओडिशात केंदुझर जिल्ह्यात महिला गटांना व्हिडिओ दाखवून मोठा अभ्यास झाला होता, आहारावर. मुलांच्या ताटात पदार्थ वाढले, पण लुकडेपणात फरक दिसला नाही. तो मी जूनमध्ये वाचला होता आणि आपलं वेगळं असेल असं म्हटलं होतं.

१५ ऑक्टोबर, होंडा

औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या आया. २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूती रजा २६ आठवडे, पन्नास किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर. कंत्राटावरची म्हणाली, "मी तीन महिन्यांत हजर. कुणाला विचारू?" मला उत्तर आलं नाही.

तिच्यासाठी पाचवा व्हिडिओ. हात धुऊन, रुंद तोंडाच्या स्टीलच्या वाटीत हाताने दूध पिळणं. बाहेर चार तास, फ्रिजमध्ये चोवीस तास, द्यायचं चमच्याने. सासूची हरकत: फ्रिजमध्ये बांगडे असतात. घट्ट झाकणाचा डबा, वरच्या खणात, मासे खाली. हे सगळं चित्रात दाखवलं, बांगड्यांसकट.

९ नोव्हेंबर, वाळपई

ऑक्टोबरातल्या त्या बाळाचं वजन वाढतंय. रेघ वर चाललीय, कार्ड बाईंनी फोनवर पाठवलं.

पोरगीने काखेतल्या पकडीचा भाग एकटीने कापला. दोन ठिकाणी मी अजून लांब ठेवला असता. तिने ठेवला नाही, आणि ती आई म्हणाली हेच बरं आहे.

लंगोटांच्या शॉटमध्ये मोजणीचा आकडा नीट ऐकू येत नाही, पत्र्यावरचा पाऊस आडवा येतो. परत घ्यावा म्हणून आज केरीला गेलो. दोरी होती, लंगोट अंगणात उन्हात वाळत होते, बाळ सोप्यावर उताणं पडून पाय झाडत होतं. आजी म्हणाली, घमेलं आणि निखारे हवे असतील तर मृगात या.